तांबड्या पेशीची दारे

रायपूरच्या बूढापाऱ्यात, तलावाकाठच्या त्या जुन्या वस्तीत, सायंकाळी डास घोंघावू लागले की हिवतापाचे नाव निघतेच. दोष डासाला देऊन माणूस मोकळा होतो. वास्तविक डास जंतूला केवळ शरीरात आणून सोडतो. पुढे यकृतात वाढून बाहेर पडलेल्या जंतूला रक्तातील तांबड्या पेशीत शिरावयाचे असते. आणि ती पेशी म्हणजे काही उघडी धर्मशाळा नव्हे.

प्रत्येक पेशीच्या आवरणावर विशिष्ट घडणीचे रेणू असतात. त्यांना ग्राही म्हणतात. रक्तातून येणारे निरोप व पोषक द्रव्ये ओळखून घेणे हे त्यांचे नित्याचे काम. रोगजंतू नेमकी तीच कडी वाजवतो.

भारतात हिवतापाचे मुख्य जंतू दोन. त्यांपैकी व्हायव्हॅक्सला ‘डफी’ नावाचा ग्राही लागतो. पश्चिम आफ्रिकेतील बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर तो नसतो, म्हणूनच तेथे हा ताप विरळा, असे लुई मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवून दिले. (पुढे मादागास्करात याला अपवादही आढळले, निसर्ग नियम पाळतो, पण हट्टाने नव्हे.) भारतीयांच्या पेशींवर मात्र डफी सर्रास असतो.

व्हायव्हॅक्सला आणखी एक दार लागते, हे २०१८ साली उघड झाले. लोह आत घेणारा ट्रान्सफेरिन-ग्राही तो हाच. पेशी प्रौढ झाली की हा ग्राही गळून जातो. त्यामुळे या जंतूला कोवळ्याच पेशी मिळतात, आणि त्या शंभरात एखाद-दुसरीच असतात. हा ताप माणसाला बेजार करतो, पण जीव क्वचितच घेतो, याचे एक कारण हे.

फॅल्सिपेरमला वयाचे असे बंधन नाही. बस्तरच्या रानपट्ट्यात त्याचेच प्राबल्य आहे. एक दार बंद आढळले तर तो दुसरे धुंडाळतो. इतकेच नव्हे, तर त्याने ग्रासलेल्या पेशी मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरील ग्राहींना चिकटून बसतात, रक्ताची वाट तुंबते आणि रोगी बेशुद्ध होतो. तथापि ‘बेसिजिन’ हे एक दार त्यालाही चुकवता येत नाही, असे २०११ साली आढळले.

मग ही दारेच का लावून घेऊ नयेत? पण ट्रान्सफेरिन-ग्राही बंद केला तर कोवळ्या पेशीला लोह मिळणार नाही आणि रक्तच तयार होणार नाही. म्हणून संशोधकांनी दाराऐवजी कडीवर पडणारा हात धरावयाचे ठरविले आहे. बेसिजिनला बिलगणारे फॅल्सिपेरमचे प्रथिन निकामी करणाऱ्या लसीच्या चाचण्या आफ्रिकेत माणसांवर झाल्या आहेत.