बेचाळीस अंकांचं महाभारत: बांधलेला संच घ्यावा की सुटे अंक?

या भागाचं हे लेखी रूप. बोलताना काही नावं भरभर निघून गेली होती, ती इथे नीट लिहिली आहेत.

प्रश्न आलाय केदारखेड्याहून. भोकरदन तालुका, जिल्हा जालना. तिथल्या एका शिक्षकांनी विचारलंय की शाळेच्या वाचनपेटीसाठी गावातून थोडी वर्गणी जमली आहे, त्यात अमर चित्र कथेचा महाभारताचा जाडजूड संच घ्यावा, की तेवढ्याच पैशात सुटी पुस्तकं? वर्गणी परत परत जमत नाही, त्यामुळे प्रश्न साधा असला तरी उत्तर जपून द्यायला हवं.

आधी एक गोंधळ दूर करू. दुकानात ‘एकत्रित’ म्हणून जे मिळतं ते सगळं एका जातीचं नसतं. तीन-इन-एक, पाच-इन-एक म्हणतात ती गठडी असते. प्रत्येक गोष्ट स्वतंत्र, फक्त विषय जुळतो म्हणून एका पुठ्ठ्यात घातलेली. कुठूनही उघडा, काही अडत नाही. महाभारताचं तसं नाही. अनंत पै यांच्या संपादनाखाली 1985 पासून ही मालिका मुळातच क्रमाने काढली गेली. वेदव्यासांपासून सुरुवात, एकूण 42 अंक. बहुतेक भागांची चित्रं दिलीप कदम यांची. आपल्या मराठी चित्रकाराने एकहाती म्हणावं इतकं मोठं काम केलंय, आणि त्याचं नाव आपल्या मुलांना माहीत नसतं, हे मला खटकतं. असो.

हे 42 अंक पुढे तीन खंडांत बांधले गेले. बाराशेच्या वर पानं. इथे ‘एकत्रित’ या शब्दाला खरा अर्थ आहे, कारण सुट्या अंकांत मधला एक जरी हरवला तरी साखळी तुटते. द्यूताचा अंक गेला की पोरांना वनवास का, तेच कळत नाही. आणि शाळेच्या पेटीतून नेमका द्यूताचाच अंक जाणार, हे काय सांगायला हवं?

मग संच घ्यावा? थांबा. जाड, महाग पुस्तकाचं आपल्याकडे काय होतं, ते तुम्हाला माहीतच आहे. ते कपाटात जातं. कपाटाला कुलूप लागतं. तपासणीला साहेब आले की टेबलावर येतं. बत्तीस पानांचा पातळ अंक मात्र पोरगं शर्टात खुपसून शेतात नेतं, चुलतभावाला देतं, फाडतं, चिकटवतं. वाचलं तेच जातं बघा. एका खंडाला एका वेळी एकच वाचक, आणि बेचाळीस अंकांना बेचाळीस.

तरीही माझं मत संचाकडे झुकतं, पण वाचायची पद्धत ठरवून. ती पद्धत नवी नाही. श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ घ्या. चौसष्ट अध्यायांचा ग्रंथ, पण कुणी तो एकटा घरी नेऊन संपवत नाही. देवळात रोज एक अध्याय, एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, मध्ये कुणी शंका काढतो. चित्रकथेचे मूळ अंक याच मापाचे आहेत. एक अंक म्हणजे एक बैठक. परिपाठानंतर रोज एक, मोठ्या वर्गातल्या मुलाने वाचायचा, बाकीच्यांनी भोवती बसून चित्रं बघायची. बेचाळीस दिवसांत महाभारत पूर्ण, आणि पान हरवायची भीती नाही. एक मात्र करा, खंडाची चावी मुलांकडे ठेवा.

आता वाचताना होणारे प्रश्न. ही कथा ऐकीव गोष्टींवरून रचलेली नाही. गीता प्रेसचा हिंदी अनुवाद, प्रतापचंद्र राय यांनी प्रकाशित केलेला इंग्रजी आणि कुंजिकुट्टन तंपुरान यांचा मल्याळम अनुवाद समोर ठेवून ती लिहिली गेली. त्यामुळे टीव्हीवर पाहिलेलं, कीर्तनात ऐकलेलं आणि यातलं सगळं जुळेलच असं नाही. मुलं ‘हे चुकीचं आहे’ म्हणतील. भांडू द्यात. तेवढ्यासाठी तर वाचायचं.

दुसरा प्रश्न अवघड आहे. अमर चित्र कथेतले नायक बहुधा गोरे, राक्षस काळेकभिन्न. यावर अभ्यासकांनी पुष्कळ टीका केली आहे आणि ती योग्य आहे. उन्हात वाढलेल्या सावळ्या पोरांसमोर घटोत्कचाचं पान उघडाल, तेव्हा कृष्ण म्हणजेच काळा आणि द्रौपदीचंही एक नाव कृष्णा, हे त्याच दिवशी सांगा. एकलव्याच्या अंगठ्याजवळही घाईने पान उलटू नका.

जाता जाता रद्दीवाल्याकडून जुने अंक घेणाऱ्यांसाठी: पाठीवरचे क्रमांक बघून बिचकू नका. ‘कृष्ण’ मुळात अकरावा अंक होता, कारण पहिले दहा परदेशी परीकथांचे होते. पुढे नव्या छपाईत त्याला 501 क्रमांक मिळाला. पुस्तक तेच. चित्रं राम वाईरकरांची, सुपंडी ज्यांनी रंगवला तेच.

आणि सर, पैसे पाठवण्याआधी तीन गोष्टी फोनवर विचारून घ्या. संच कोणत्या भाषेतला, तिन्ही खंड आहेत ना, आणि बांधणी शिवलेली की नुसती चिकटवलेली. चिकटवलेली असली तर आधी जालन्याच्या एखाद्या बाइंडरकडून कापडी पाठ लावून घ्या, मगच वर्गात आणा.