मूर यांच्या छायेतले डेनार्ड

वैयक्तिक संगणकाच्या प्रगतीचे श्रेय बहुतेक वेळा गॉर्डन मूर यांच्या 1965 सालच्या भाकिताला दिले जाते. चिपवर मावणाऱ्या ट्रान्झिस्टरांची, म्हणजे वीजप्रवाह चालू-बंद करणाऱ्या सूक्ष्म स्विचांची, संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाईल, असे ते भाकीत होते. मात्र संख्येबरोबर वेग का वाढावा आणि इतक्या दाटीत चिप तापून निकामी का होऊ नये, याचे उत्तर त्यात नव्हते. ते आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 च्या शोधनिबंधात दिले, आणि 2024 साली निवर्तलेल्या या अभियंत्याचे नाव सामान्य वाचकापर्यंत क्वचितच पोहोचले, हा त्यांच्यावर झालेला अन्यायच म्हटला पाहिजे.

रॅममधला, म्हणजे चालू कामापुरती माहिती धरून ठेवणाऱ्या स्मृतीतला, प्रत्येक बिट एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठवणारा एक कपॅसिटर यांवर भागवण्याची रचनाही डेनार्ड यांचीच. तिचे पेटंट त्यांना 1968 मध्ये मिळाले. हा कपॅसिटर गळक्या माठासारखा असतो. भार झिरपून जाण्याआधी तो वाचून पुन्हा भरावा लागतो, आणि आजच्या संगणकात हे भरणे साधारणपणे दर 64 मिलिसेकंदांच्या आत उरकावे लागते. एवढा खटाटोप करूनही ही रचना टिकली, कारण ती अत्यल्प जागा घेते आणि म्हणून स्वस्त पडते.

1974 च्या निबंधाचे सार असे, की ट्रान्झिस्टरची मापे आणि त्याला दिलेले व्होल्टेज दोन्ही निम्म्यावर आणल्यास तो दुप्पट वेगाने चालतो, पण वीज चौथाई घेतो; त्याचे क्षेत्रफळही चौथाई झालेले असल्याने चिपच्या तेवढ्याच जागेत निर्माण होणारी उष्णता वाढत नाही. 1981 च्या आयबीएम पीसीतील 8088 प्रोसेसर 4.77 मेगाहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला सुमारे 48 लाख ठोक्यांनी, चाले. 2004 मधील पेंटियम 4 ने 3.8 गिगाहर्ट्झ गाठले, म्हणजे जवळपास 800 पट.

तिथे हे गणित अडले. व्होल्टेज आणखी उतरवावे तर ट्रान्झिस्टर पुरता बंद होईना, बंद असतानाही त्यातून वीज गळू लागली आणि उष्णता आवरेना. इंटेलने 4 गिगाहर्ट्झचा पेंटियम 4 त्याच वर्षी रद्द केला, आणि पुढच्या वीस वर्षांत ठोक्यांचा वेग दुपटीलाही पोहोचला नाही. 2005 पासून एकाच चिपवर अनेक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे गणना करणारे भाग, बसवले जाऊ लागले. कोअरची संख्या म्हणजेच वेगाची पट, असा समज जाहिरातींतून पसरतो तो दिशाभूल करणारा आहे, कारण प्रोग्राम लिहिणाऱ्याने काम स्वतंत्र तुकड्यांत वाटून दिले असेल तरच आठ कोअर त्याला एकदम भिडतात, आणि आधीच्या पायरीचे उत्तर हाती आल्याशिवाय पुढची पायरी सुरूच होऊ न शकणाऱ्या गणनेत एक कोअर राबत असतो, तर उरलेल्या सातांना करण्यासारखे काही नसते.