कुत्र्या-मांजरांच्या घरांतील कासव

नागपूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकास नरखेड तालुका आहे. एका अंगास वर्धा नदी व तिच्या पैलतीरीं अमरावती जिल्हा, उत्तरेस मध्य प्रदेशाची सरहद्द, आणि मध्यें संत्र्यांचे बगीचे, अशी या मुलुखाची ठेवण आहे. जलालखेड्याजवळ जाम नदी वर्धेस मिळते. नद्या, नाले, तळीं व बगीच्यांतील विहिरी यांच्या आश्रयानें या भागांत पाणकासवें राहतात. त्यांतील मऊ पाठीचें कासव पावसाळ्याच्या उत्तरार्धांत अंडीं घालण्यासाठीं पाण्याबाहेर येतें आणि ओलसर, भुसभुशीत माती शोधीत फिरूं लागतें. आंबिया बहाराचीं संत्रीं झाडावर भरत येण्याचे दिवसही तेच. फळांच्या राखणीसाठीं बगीच्यांत कुत्रे असतात. अशा एखाद्या रात्रीं कुत्रा भुंकत नाहीं कीं धांवत नाहीं. पुढच्या दोन पायांत कांहीं तरी धरून एकसारखें चावीत बसतो. हाड चघळल्यासारखा आवाज येतो. विजेरी घेऊन जवळ जावें, तों त्याच्या पायांत कासव असतें. आणि पुष्कळदां तें अजून जिवंत असतें.

शहरांतील घरांत हाच प्रसंग थोड्या निराळ्या रूपानें घडतो. तेथें बगीच्याच्या जागीं गच्ची असते, राखणीच्या कुत्र्याच्या जागीं लाडका कुत्रा असतो, आणि कासव कोणीं तरी हौसेनें आणून दिलेलें असतें. दुखापत झाली म्हणजे घरोघरीं उद्गार मात्र एकच निघतो : “इतके दिवस दोघें एकत्र होतीं, कधीं कांहीं झालें नाहीं!” या एका वाक्यांत सारी चूक सांठविलेली आहे. ती समजून घेण्यासाठीं प्रथम कासवाच्या कवचाचा विचार करावा लागतो.

कवच म्हणजे किल्ला, आणि आंत शिरलेलें कासव म्हणजे निर्धास्त झालेला किल्लेदार, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. देवळाच्या सभामंडपांतील दगडी कासव पाहून ती दृढ होते. अवयव आवरून घेणाऱ्या कासवाची उपमा गीतेनें स्थितप्रज्ञास दिली. तिनेंही या प्राण्याच्या अंगीं एक प्रकारची अभेद्यता चिकटविली. वस्तुस्थिति निराळी आहे. कवच हें कासवानें अंगावर घातलेलें चिलखत नसून तें त्याचें अंगच होय. पाठीचा कणा आणि बरगड्या पसरट होऊन एकमेकांस सांधल्या गेल्या, कीं वरचें कवच तयार होतें. बहुतेक कासवांत त्यावर आपल्या नखांसारख्या द्रव्याचे पातळ पापुद्रे असतात. मऊ पाठीच्या कासवास तेही नसतात, नुसती कातडी असते. कवचाच्या हाडांत रक्त खेळतें आणि मज्जातंतूही असतात. त्यावर बोट फिरविलेलें कासवास कळतें आणि दांत रुतला तर वेदना होते. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कासवाचीं फुप्फुसें पाठीच्या कवचाच्या अगदीं लगत, आंतल्या बाजूस असतात. म्हणून वरून लहानसें दिसणारें भोंकही थेट फुप्फुसापर्यंत पोंचलेलें असूं शकतें.

कवचाची जखम किती गंभीर असते याचें एक प्रसिद्ध उदाहरण कोलकात्याचें आहे. तेथील अलीपूर प्राणिसंग्रहालयांत ‘अद्वैत’ या नांवाचें अल्डाब्रा जातीचें महाकाय कासव होतें. तें २००६ सालच्या मार्च महिन्यांत मरण पावलें. त्याच्या आधीं कांहीं महिने त्याच्या कवचास तडा जाऊन खालीं जखम झाली होती. एवढ्या प्रचंड प्राण्याच्या कवचास तडा जातो, तर तळहातावर मावणाऱ्या कासवाच्या कवचाचा भरंवसा कोणी धरावा? लहान पिलांचें कवच तर पहिलीं कांहीं वर्षें पुरतें टणकही झालेलें नसतें.

आतां कुत्र्याकडे वळूं. कुत्रा कासवावर चाल करतो तो द्वेषानें नव्हे. कठीण, वाटोळी, हाडाचा वास असलेली वस्तु पायांत धरून चघळावी, ही त्याची जातीचीच खोड आहे. रानांतील भक्षकासमोर कासव अंग आंत ओढून निश्चल होतें. थोड्या वेळानें भक्षक कंटाळतो आणि दुसरी शिकार शोधूं लागतो. घरच्या कुत्र्यास मात्र पोटाची चिंता नसते आणि वेळ भरपूर असतो. त्यामुळें जी निश्चलता रानांत कासवाचे प्राण वांचविते, तीच घरांत त्याला खेळणें करून टाकते. बरें, कासव ओरडत नाहीं. पिंजऱ्यांतला पोपट कलकलाट करून घर जागें करतो. कासवाचा कवच फुटण्याचा आवाज शेजारच्या खोलींतही जात नाहीं.

मांजराची तऱ्हा वेगळी. पूर्ण वाढलेल्या कासवाच्या वाटेस मांजर सहसा जात नाहीं. परंतु पिलूं दिसलें, किंवा हलणारी शेंपटी व पाय दिसले, कीं त्याचा पंजा आपोआप पुढें येतो. मांजराच्या दांताची व नखाची जखम सुईच्या टोंचण्याएवढी असते आणि घरच्यांस दिसतही नाहीं. पण मांजराच्या तोंडांतील जंतु त्या वाटेनें आंत जातात. कासवाचा पू वाहत नाहीं. तो पनिरासारखा घट्ट होऊन आंतच सांठतो. दुखणें ध्यानांत येईपर्यंत बरेच दिवस गेलेले असतात.

मग पुष्कळ घरांत कुत्रा आणि कासव शेजारीं शेजारीं उन्हांत पडलेलीं दिसतात, तें काय? ती मैत्री नव्हे, संवय होय. कुत्र्याला कासवाचें कुतूहल त्या घटकेपुरतें उरलेलें नसतें, इतकाच तिचा अर्थ. घरांत पाहुणे आले, कुत्र्याचें फिरणें चुकलें, घरचीं मंडळी दोन दिवस परगांवीं गेलीं, कीं तें कुतूहल पुन्हा जागें होतें. आणि त्याला पांच मिनिटें पुरतात. आपल्या संतवाङ्मयांत कासवी आपल्या पिलांना नुसत्या दृष्टीनें पोसते अशी गोड कल्पना आहे. प्रत्यक्षांत कासवी मातींत अंडीं घालते, वर माती लोटते आणि निघून जाते. पिलांकडे ती वळूनही पाहत नाहीं. तीच गोष्ट घरधन्याच्या दृष्टीची. ‘आमचें लक्ष असतें’ हा बंदोबस्त नव्हे, कारण लक्ष केव्हां तरी चुकतेंच. बंदोबस्त भिंतीचा पाहिजे.

भिंत बांधण्यापूर्वीं मात्र एक प्रश्न सोडविला पाहिजे : घरांतील कासव कोणत्या जातीचें आहे? भारतांतील वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. त्यांत २०२२ सालीं दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली. नरखेडच्या नाल्यांत सांपडणारें मऊ पाठीचें कासव आणि पिंवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलें चांदणी कासव हीं दोन्हीं पहिल्या अनुसूचींत आहेत. तीं पाळणें, विकणें वा विकत घेणें हा गुन्हा असून त्यास कमींत कमी ३ वर्षांचा कारावास व निदान २५ हजार रुपये दंड आहे. वीस नखांचें कासव घरांत धन आणतें या खुळ्या समजुतीपायीं पाणकासवांचा चोरटा व्यापार चालतो. मऊ पाठीच्या कासवाच्या प्रत्येक पायास तीनच नखें असतात, म्हणजे सारीं मिळून बारा. एवढी मोजदाद केली तरी त्या समजुतीचा पोकळपणा उघड होतो. असें कासव घरांत आलेलें असेल, तर त्याच्यासाठीं सर्वांत सुरक्षित जागा वनविभागाच्या हवालीं हीच होय.

परदेशी जातींची गोष्ट वेगळी आहे. आफ्रिकेंतील मोठें भूकासव आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारांत नोंदलेलें असल्यामुळें २०२४ सालच्या नियमांप्रमाणें त्याची नोंद सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करावी लागते. तें पुढें ४० किलोंहून अधिक भरतें, हें घेण्यापूर्वींच लक्षांत घ्यावें. डोळ्यामागें तांबडा पट्टा असलेलें अमेरिकेंतील पाणकासव शहरांतील दुकानांत रुपयाएवढें असतांना विकत मिळतें आणि वाढून वीतभराहून मोठें होतें. कंटाळा आला म्हणून तें वर्धेच्या पात्रांत किंवा गांवच्या तळ्यांत सोडणें हा मोठा अपराध समजावा. जगांतील सर्वांत उपद्रवी शंभर परकीय जातींच्या यादींत त्याचें नांव आहे. येथल्या पाणकासवांचा घांस तें हिरावून घेतें.

नियमानें ठेवलेल्या कासवासाठीं पुढील व्यवस्था असावी. भूकासवास अंगणांत किंवा गच्चीवर स्वतंत्र आवार द्यावें. आवाराची भिंत विटांची किंवा फळ्यांची, आरपार न दिसणारी असावी. जाळीपलीकडचें दिसूं लागलें, कीं कासव तिच्यावर डोकें घांशीत राहतें आणि कुत्राही तेथेंच ठाण मांडून बसतो. भिंतीची उंची कासवाच्या नव्हे, तर कुत्र्याच्या उडीच्या मानानें ठरवावी. जमीन मातीची असेल तर हातभर खोल जाळी पुरावी, म्हणजे कुत्र्याला उकरून आंत शिरतां येणार नाहीं. पिलांच्या आवारावर जाळीचें झांकण अवश्य पाहिजे. मांजराप्रमाणेंच कावळा, घूस आणि मुंगूस हेही पिलांचे वैरी आहेत. पाणकासवाच्या काचपेटीवरही तसेंच जड झांकण असावें. सर्वांत महत्त्वाचा नियम असा, कीं कुत्रा आणि कासव यांच्यामध्यें नेहमीं दोन दारें असावींत. लहान मुलाच्या हातून एक उघडें राहिलें तरी दुसरें बंद असतें.

अन्न, पाणी आणि औषध यांचाही विचार तितकाच अगत्याचा आहे. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यांत प्रथिनें फार असतात. पालापाचोळा खाणाऱ्या भूकासवास तें खाद्य आवडतें, पण त्यानें त्याच्या मूत्रपिंडांवर भार पडतो. म्हणून कुत्र्याची थाळी आवाराजवळ ठेवूं नये आणि त्याची विष्ठा ताबडतोब उचलावी, कारण कासव तीही खातें. उलट, कासवाच्या अंगावर व पाण्यांत सालमोनेला नांवाचे जंतु असूं शकतात. कुत्र्यानें तें पाणी पिऊं नये आणि माणसांनीं कासव हाताळल्यावर साबणानें हात धुवावेत. कुत्र्याच्या गोचिडांवर व खरजेवर पशुवैद्य देतात तें आयव्हरमेक्टिन हें औषध कासवाला विषासमान आहे. एकाचें औषध दुसऱ्यास देण्याचा मोह येथें प्राणघातक ठरतो.

एवढें करूनही कुत्र्यानें कासव धरलेंच, तर ओढाताण करूं नये. कुत्र्यास दुसऱ्या आमिषानें वळवावें. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानें हलकेंच दाबून धरावें. कवच फुटलें असतां कासव पाण्यांत ठेवूं नये, कारण फटींतून पाणी आंत शिरतें. हळद, चुना, डिंक किंवा चिकटविण्याचीं द्रव्यें भरूं नयेत. त्यानें घाण आंत कोंडली जाते. माशा बसूं देऊं नयेत. भोंकें पाडलेल्या खोक्यांत मऊ फडक्यावर कासव ठेवावें आणि त्याच दिवशीं पशुवैद्यास दाखवावें, मग जखम कितीही लहान दिसो. रानांतील कासव असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें. नागपुरास सेमिनरी हिल्सवर वन्यप्राण्यांसाठीं वनविभागाचें उपचार केंद्र आहे. कवच सांधलें जातें, पण त्यास महिनेच्या महिने लागतात, कधीं वर्षही लागतें.

नरखेडच्या बगीच्यांत यांतलें पुष्कळसें कष्टावांचून टळण्यासारखें आहे. पावसाळ्याच्या अखेरीस, नाल्याकांठच्या बगीच्यांत कासवें फिरूं लागलीं, कीं नाल्याच्या बाजूचा कुत्रा सायंकाळपासून बांधून ठेवावा. वाटेंत धडधाकट कासव दिसलें तर तें ज्या दिशेनें चाललें असेल त्या दिशेनें जाऊं द्यावें. भल्या हेतूनें त्याला उभ्या कांठाच्या विहिरींत टाकूं नये. तेथून त्याला अंडीं घालावयास वर येतां येत नाहीं. कुत्र्याच्या गळ्यांतली दोरी सकाळीं सुटते आणि तो पुन्हा आपल्या राखणीस लागतो. त्या एका रात्रींत नाल्याकांठच्या मातींत अंडीं पुरलीं जातात, आणि पहाटेपर्यंत कासवी पाण्यांत परत गेलेली असते.