एका मिनिटाचं निदान

पावसाळ्यात मेळघाटातल्या चिखलदऱ्याला ढग थेट घरात शिरतात. ओली थंडी, चुलीचा धूर आणि घरोघर खोकणारी पोरं. बहुतेकांना साधी सर्दीच. पण त्यातल्या एकाला न्यूमोनिया असेल तर? डोंगरातल्या गावात एक्स-रे कुठून आणायचा?

आणू नका. पोराचं अंगडं वर करा आणि मिनिटभर श्वास मोजा! दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६०, वर्षाच्या आतल्याचे ५०, पाच वर्षांपर्यंतच्याचे ४० किंवा त्याहून जास्त भरले, तर न्यूमोनिया समजून दवाखाना गाठायचा.

श्वासाला हे कसं कळतं? फुप्फुसातल्या इवल्या फुग्यांत पाणी भरलं, की फुप्फुस भिजल्या स्पंजासारखं जड होतं. खोल श्वास जमत नाही. मग मेंदू शक्कल लढवतो : घोट लहान, पण भराभर! तेवढ्यानंही भागलं नाही, की बाळ जिवाच्या आकांतानं हवा ओढतं. त्याच्या बरगड्या अजून लवचिक. म्हणून छातीचा खालचा भागच आत ओढला जातो आणि पोट उडतं. मेळघाटात कधी कधी भूमका, म्हणजे गावचा मांत्रिक-वैदू, पोटावर तापल्या विळ्याचे चटके देतो. दुखणं मात्र वीतभर वर, छातीत!

आता खरी गंमत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यापुढं पेच होता : गावच्या दाईला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नसेल तर? त्यांनी मण्यांची पाटी केली, सोबत मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, की न्यूमोनिया. अक्षर नको, आकडा नको! १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा न्यूमोनियाच्या उपचाराचा प्रयोग छापून आला. दाया, आरोग्यदूत आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी प्रतिजैविक देऊन सांभाळलेल्या ६१२ आजारपणांत मृत्यू ०.८ टक्के; तुलनेच्या गावांत १३.५ टक्के.

साध्या सर्दीला मात्र प्रतिजैविक नको. अंगावरचं दूध, ऊब आणि धुरापासून लांब ठेवणं पुरे. छाती आत ओढली जात असेल, बाळ पीतच नसेल, निपचित पडलं किंवा झटके आले, तर मोजत बसू नका, उचला आणि निघा.

आणि रडत असेल तर आधी शांत होऊ द्या. रडक्या श्वासांचा हिशेब लागत नाही.