मासळीला गॅमा किरणे दिली तर बिघडते काय?

नाशिक जिल्ह्यातले लासलगाव म्हटले की कांदा आठवतो. तिथेच भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २००७ साली अमेरिकेने भारतीय आंब्याला पुन्हा दार उघडले, ते या केंद्रात गॅमा किरणे दिलेल्या पेट्यांना. तीच प्रक्रिया कोळंबीवर करायची म्हटली की लोक बिचकतात. मासळी किरणोत्सर्गी होईल, असे त्यांना वाटते. तसे होत नाही. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा जंतूंचा डीएनए तोडायला पुरते, पण अन्नातल्या अणूंचे केंद्रक किरणोत्सर्गी करायला अपुरी पडते. शिवाय कोबाल्ट बंद नळ्यांत असतो, त्याचा अन्नाला स्पर्शही होत नाही. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने १९८० मध्येच १० किलोग्रेपर्यंतची मात्रा निर्धोक ठरवली. अमेरिकेने २००५ मध्ये कालवांसारख्या शिंपल्यांतल्या, तर २०१४ मध्ये कोळंबी-खेकड्यांतल्या जंतूंसाठी हा उपाय मान्य केला. ब१ जीवनसत्त्व थोडे घटते, पण ते शिजवतानाही घटतेच.

‘आम्ही मासे शिजवूनच खातो, मग हे कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. पण कच्च्या कोळंबीवरचे जंतू कढईत पडण्याआधी हाताला, विळीला, शेजारच्या कोथिंबिरीला लागलेले असतात, आणि कोशिंबीर कुणी शिजवत नाही. याहून वजनदार आक्षेप असा की, शिळा माल किरणे देऊन खपवला जाईल. ही शंका मला महत्त्वाची वाटते, आणि तिचे उत्तर या प्रक्रियेच्या मर्यादेतच आहे. बांगडा किंवा कुपा उबेत राहिला की जिवाणू त्यात हिस्टामीन हे अपायकारक द्रव्य तयार करतात. ते शिजवून जात नाही, तसे किरणांनीही जात नाही. कुजका वासही तसाच राहतो. म्हणजे होडीपासून घाट चढून नाशिकच्या बाजारापर्यंत बर्फ लागणारच. विकिरण स्वच्छतेची जागा घेते असे सांगणारा ग्राहकाची फसवणूक करतो.

विकिरण केलेल्या अन्नाच्या पाकिटावर तसा उल्लेख आणि हिरवे राडुरा चिन्ह छापणे आपल्याकडे बंधनकारक आहे. ग्राहक घाबरेल म्हणून ते बारीक छापले, तर त्याचा संशय वाढेलच. ते ठळक हवे, आणि त्याच्याशेजारी मासळी किती थंड ठेवायची तेही तितकेच ठळक हवे. कारण किरणांतून तगलेले, बॉट्युलिझम ही विषबाधा घडवणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू उबेत वाढू लागतात.