बंद शाळेचे दप्तर

नागपुरात करोनाचा पहिला रुग्ण 11 मार्च 2020 रोजी आढळला, तेव्हा दहावीची शालान्त परीक्षा अर्ध्यावर आली होती. आणि शहरातील इतर वर्ग बंद करण्याचा हुकूम सुटल्यावरही परीक्षाकेंद्रांवरचा बंदोबस्त तसाच चालू राहिला. भूगोलाचा अखेरचा पेपर 23 मार्चला व्हायचा होता. तो आधी तहकूब झाला, मग 12 एप्रिलला रद्द झाला, आणि त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने द्यावेत असे ठरले. त्याच सुमारास, नववीच्या मुलांची द्वितीय सत्र परीक्षा न घेता प्रथम सत्राच्या आधारे त्यांना दहावीत चढवावे, असाही निर्णय झाला. टाळेबंदीच्या गदारोळात तो किरकोळ वाटला असेल. परंतु या मुलांच्या आयुष्यात तोच पुढे निर्णायक ठरायचा होता.

उन्हाळ्यामुळे विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या वर्षी वेळापत्रक तयार झाले, पण फाटक उघडले नाही. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे राज्याचे धोरण होते, आणि अभ्यासक्रमाला पंचवीस टक्के कात्री लागली होती. तथापि ज्या घरात एकच मोबाइल असतो आणि तो घेऊन वडील सकाळी हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात कामावर जातात, त्या घरातील मुलीसाठी गणिताचा तास रात्री आठलाच भरू शकतो, हे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नव्हते. ते वर्गशिक्षकांनाच उमगावे लागले. सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका पहिली ते आठवीसाठी होती. नववी-दहावीचा भार शाळांवरच पडला. त्यातच ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेच्या सर्वेक्षणासाठी शिक्षकांना घरोघर फिरावे लागले. दिवसा रुग्णांची नोंद आणि रात्री मुलांचे तास, असा दुहेरी भार शिक्षकांनी निमूटपणे वाहिला, याबद्दल समाजाने त्यांचे ऋण पुरेसे मान्य केले आहे असे मला वाटत नाही.

नोव्हेंबर 2020 मध्ये नववी ते बारावीचे वर्ग उघडण्यास राज्याने परवानगी दिली, पण नागपूर शहरातील वर्ग नव्या वर्षातच भरले. पालकांचे लेखी संमतिपत्र, शिक्षकांची आधी चाचणी, एका बाकावर एकच विद्यार्थी, प्रार्थनेची सभा नाही. ही घडी बसते न बसते तोच फेब्रुवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या आणि 15 ते 21 मार्च शहरात कडक टाळेबंदी लागली.

एप्रिल 2021 मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली, आणि 28 मे रोजी मूल्यमापनाचे सूत्र जाहीर झाले: दहावीच्या वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनाला तीस गुण, गृहपाठ व प्रात्यक्षिक यांना वीस, आणि उरलेले पन्नास नववीच्या निकालाला. म्हणजे ज्या नववीची वार्षिक परीक्षाच झाली नव्हती, तिच्या प्रथम सत्रात, 2019 सालच्या पावसाळ्याअखेर, करोना हा शब्दही कोणाच्या कानी नसताना मुलाने जे लिहिले, त्यावर त्याच्या शालान्त निकालाचा अर्धा भाग उभा राहिला. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक शाळेत निकाल समिती नेमली गेली, कपाटे उघडली गेली, गुणपत्रके आणि घटक चाचण्यांच्या नोंदी टेबलावर आल्या. ज्या शाळेत विषयशिक्षकाने दर चाचणीचे गुण तारखेनिशी आणि स्वाक्षरीनिशी चढविले होते, तिथे हे काम काटेकोर झाले असणार; जिथे नोंदी विस्कळीत होत्या, तिथे मुलाचे भवितव्य कोणाच्या तरी स्मरणशक्तीवर सोपविले गेले असणार. शाळेची खरी पुंजी तिच्या इमारतीत नसते, दप्तरात असते, हे त्या जूनमध्ये प्रत्ययास आले.

16 जुलै 2021 रोजी राज्याचा निकाल 99.95 टक्के लागला. या आकड्याची हेटाळणी करणारे पुष्कळ भेटतात; पण जी मुले न दिलेल्या परीक्षेत उत्तीर्ण झाली, त्यांच्याकडून आपले सामर्थ्य अजमावण्याची संधी हिरावली गेली होती, आणि त्यांनी ती सोडली नव्हती. अकरावीसाठी योजलेली सामाईक प्रवेश परीक्षाही उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द ठरविली. पुढच्या वर्षी, मार्च 2022 मध्ये, परीक्षा पुन्हा कागदावर झाली, तेव्हा मुलांना आपल्याच शाळेत केंद्र मिळाले, आणि ऐंशी गुणांच्या पेपरला अर्धा तास वाढवून देण्यात आला. कारण दोन वर्षे पडद्यावर बोटे फिरविणाऱ्या हातांची लिहिण्याची सवय सुटली होती. शुद्धलेखन नंतर सुधारता येते; परंतु तीन तास एका जागी बसून सलग लिहीत राहण्याची चिकाटी एकदा सुटली की ती परत यायला वर्षे लागतात.

त्या दोन वर्षांत वर्ग सांभाळलेले शिक्षक आज ना उद्या निवृत्त होतील. नागपूरच्या प्रत्येक माध्यमिक शाळेने त्यांच्याकडून त्या काळाची हकिकत, कोणते मूल कसे हाती लागले आणि कोणते कशामुळे निसटले यासह, लिहून घ्यावी आणि ती जनरल रजिस्टराइतक्याच जपणुकीने दप्तरी ठेवावी. आणि पुन्हा शाळा बंद ठेवण्याची वेळ आली तर कोणतेही मूल निसटू नये म्हणून दर जुलैत पालकांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक ताडून पाहण्याचा शिरस्ता कायम करावा, ही मुख्याध्यापकांना व संस्थाचालकांना माझी आग्रहाची विनंती आहे.