भार आंब्यावर नको, क्रेटच्या काठावर हवा

बागायतदार बंधूंनो, हापूस झाडावर असेपर्यंत आपण त्याची किती निगा राखतो! फवारणी, खत, राखण, कशातच कुचराई नाही. पण आंबा झेल्यात उतरला की त्याची आबाळ सुरू होते आणि तिचा हिशेब वाशीहून येणाऱ्या पट्टीत दिसतो. माल डागी निघाला म्हणून दलालाला बोल लावण्याआधी तो कलमाखालून शेडपर्यंत कशातून आला, हे एकदा बघायला नको का?

टोपलीवर टोपली ठेवली की वरचीचे बूड खालच्या आंब्यावर बसते. कच्चे फळ कडक, त्यामुळे त्या दिवशी काहीच दिसत नाही. अढीत पिकताना मात्र चेपलेली जागा मऊ आणि काळी पडते. देठ मोडून चीक सालीवर ओघळला, तर तिथेही डाग.

एकावर एक बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये हा भार काठावरून आणि कोपऱ्यांतून खाली उतरतो, आंब्यावर येत नाही. मात्र फळ काठाच्या दोन बोटे खालीच राहिले पाहिजे. ‘बसतायत तर भरा अजून’ म्हणून गड्याने शीग लावली, तर क्रेट असून नसल्यासारखीच. तळाला कागद घालावा. भरलेली क्रेट आपटू नये, उन्हात ठेवू नये.

क्रेटच्या खाली पॅलेट, म्हणजे पाय असलेला चौथरा, असला तर काम आणखी सोपे. १२० बाय १०० सेंटिमीटरच्या पॅलेटवर ६० बाय ४० च्या पाच क्रेट बरोबर मावतात : तीन उभ्या, दोन आडव्या. याच मांडणीचे सहा थर लावले की तीस क्रेट झाल्या. क्रेटमागे १५ किलो धरले, तर साडेचार क्विंटल माल हातगाडीने एका खेपेत हलतो. तीस वेळा उचल-ठेव नाही, तेवढे हादरेही नाहीत. लहान बागायतदाराने पॅलेट घ्यायलाच हवे असे नाही, पण क्रेट ओल्या जमिनीवर ठेवू नये.

परदेशी माल पाठवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. लाकडातून कीड जाऊ नये म्हणून २००२ साली आंतरराष्ट्रीय नियम झाला. लाकडी पॅलेट गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवणे किंवा नियमात मान्य असलेली दुसरी प्रक्रिया करणे आणि त्यावर शिक्का असणे लागते. प्लॅस्टिकला हा नियम लागू नाही. आंब्याची स्वतःची तपासणी आणि प्रक्रिया मात्र चुकत नाही.

प्लॅस्टिक आणले म्हणजे सगळे साधले असेही नव्हे. क्रेट प्रत्येक खेपेनंतर धुवावी, नाहीतर कुजलेल्या फळाची बुरशी पुढच्या मालाला लागते. मिरकरवाड्यातली मासळीची क्रेट आंब्याला वापरू नये. वर्षभर उन्हात पडलेले प्लॅस्टिक ठिसूळ होते. आणि मुंबईला गेलेली क्रेट परत येईलच याचा भरवसा नाही. आली तरी रिकामी क्रेट ट्रकात भरलेल्या इतकीच जागा खाते. म्हणून क्रेट बाग ते शेड एवढीच फिरवावी, पुढे पेटी किंवा खोका. क्रेटवर रंगाने नाव आणि नंबर घालावा.

सरपंच आणि सोसायटीच्या सचिवांनीही विचार करावा. मोसमापुरत्या लागणाऱ्या क्रेट सोसायटीने घेऊन भाड्याने दिल्या, तर लहान बागायतदारावर खर्चाचा बोजा पडणार नाही. पॅलेट तर पावसाळ्यातही उपयोगी. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. अशा हवेत खताची पोती गोदामाच्या फरशीवर टेकली की ओल धरतात. पॅलेटवर ठेवली तर खालून हवा खेळते, आणि प्लॅस्टिकला वाळवीही लागत नाही.

येत्या हंगामात एक करून पाहा. एकाच दिवशी, एकाच कलमांचा आंबा निम्मा क्रेटमध्ये आणि निम्मा नेहमीच्या पद्धतीने उतरवा. अढ्या वेगळ्या घाला आणि डागी फळे मोजा. क्रेट किती घ्यायच्या, ते त्या मोजणीवरून ठरवा.